दिघीच्या खाडीत मोडलेला दांडा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या हिवाळ्यात आम्ही ह्यांच्या गावी, दिघीला जायचं ठरवलं. ठरवलं ह्यांनी, धास्ती घेतली मी. हे मुंबईत होड्यांचे आराखडे काढायचे. गावच्या होडीवाल्यांना ह्यांनी पटवलं होतं, की सगळ्यांची सुकाणू, दांडे, वल्ही एकाच साच्यातून करा. लाकूड एकदम घेता येईल, एकाचं मोडलं तर दुसऱ्याचं बसेल, सुतारावाचून होडी अडणार नाही. ह्यांचे चुलते धर्माकाका मात्र बजावून होते, "एकदा जरी अडला, तर मी मोकला." काका सुटले की बाकीचेही सुटणार, आणि ह्यांना गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी. रेवदंड्याची खाडी तरीने ओलांडावी लागते, तेव्हा जाणार असाल तर सामान कमी घ्या. मुरूडला भाकरी आणि बांगड्याचं तिखलं झकास मिळालं. हे मिटक्या मारत जेवले, मी माझा बांगडाही ह्यांच्याच ताटात सरकवला.

आगरदांड्याला काका स्वतःच न्यायला आले होते. नारळी पौर्णिमेला त्यांनी होडीला आतबाहेर निळा रंग दिला होता. मला ती छान वाटली.

खाडीच्या मध्यावर ओहोटीची ओढ लागली आणि सुकाणूचा दांडा कडकन मोडला. होडी आडवी फिरली. मी ह्यांचा सदरा घट्ट धरला. नशिबाने गावचीच दुसरी होडी जवळ होती. तिच्या तांडेलाने आपल्याकडचा जादा दांडा दिला. काकांनी तो सुकाणूच्या खोबणीत घातला. शिरेना.

"बघ तुझा साचा!" काका ओरडले. "सगल्यांचा एकच, व्हय?"

ह्यांचा चेहरा उतरला. संपलं सगळं, असं मला वाटलं. मग ह्यांनी खोबणीत नख घातलं. निळा पापुद्रा निघाला.

"काका, इथंही रंग?"

"दरवर्साला देतंय, दांडा तासून बसवतंय. सनाला होडीची एक जागा कोरी कशी ठेवायची?"

ह्यांनी कोयतीसाठी हात पुढे केला. काकांनी ती दिली नाही. स्वतःच वाकून थरावर थर खरवडले. दांडा अलगद बसला. मला रडू आलं.

मुंबईला परतल्यावर ह्यांनी साच्याच्या नियमात भर घातली: होडी हवी तशी रंगवा, खोबण तेवढी सोडा.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर गावाहून नारळाच्या वड्या आल्या, सोबत काकांचा निरोप: "खोबणीला रंग न्हाय लावला. नुसता कुंकू लावलाय. चालंल ना, इचार त्याला."

हे पोट धरून हसले. मी मात्र निरोप्याला विचारलं, "किती लावलंय?"