फेस्टी गॅननने तिसऱ्यांदा विचारलं

आमच्या गावात माणूस मेला की त्याच्याविषयी चांगलंच बोलायची रीत आहे. म्हणून फेस्टी गॅननविषयी जे लिहायचं ते मी तो धडधाकट असतानाच लिहून टाकतो. नंतर खरं सांगायची सोय राहणार नाही.

फेस्टी आमच्या पबचा मालक. पब त्याच्या बापाचा, त्याआधी आजोबाचा. पुढच्या अर्ध्या भागात चहापत्ती, खिळे, रबरी बूट असलं सामान; मागच्या अर्ध्यात काउंटर, शेगडी आणि आम्ही. माणूस उंच, जरा पोक काढलेला, आणि कान असे की वारा सुटला की आम्हाला त्याची काळजी वाटायची. त्या कानांत गावातली प्रत्येक भानगड जायची आणि तोंडातून एकही बाहेर यायची नाही. माझ्यासारख्या भोचकाला असा शेजारी म्हणजे जिवंतपणी नरक.

पन्नाशी जवळ आली तरी त्याने लग्न केलं नव्हतं. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. डेलिया टिमलिन.

काउंटरला लागूनच फळ्यांचा आडोसा करून कपाटाएवढी एक खोली केलेली आहे. तिला आम्ही स्नग म्हणतो. आतून कडी, बसायला एक बाक, आणि काउंटरच्या बाजूला हातभर रुंदीची झडप. बायकांनी चारचौघांत पिणं शोभत नव्हतं त्या काळातली ही सोय. पाद्रीबाबाही कधीकधी तिचा लाभ घ्यायचे, पण ते राहू द्या. डेलियाची आई दर शुक्रवारी दुपारी बाजार उरकून तिथे बसायची, लेकीला शेजारी घेऊन. पुढे काळ बदलला. पोरी काउंटरवर कोपरं टेकून आमच्या बरोबरीने काळी बिअर पिऊ लागल्या. आई वारली. तरी डेलिया आपली शुक्रवारी यायची, कडी लावायची आणि झडपेवर टकटक करायची. फेस्टी गरम व्हिस्कीत लवंगा टोचलेली लिंबाची चकती सोडून ग्लास आत सरकवायचा, आणि मग बोलायला लागायचा.

काय बोलायचा म्हणून सांगू! एरवी ज्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते, तो झडपेत डोकं घालून तासन्‌तास बोलायचा. आम्हाला नुसती त्याची पाठ दिसायची आणि आतून डेलियाचं हसणं ऐकू यायचं. आमचे ग्लास रिकामे. हीच दोघं रविवारी चर्चबाहेर समोरासमोर आली की, "गार आहे आज." "आहे खरं." संपलं. एक डावीकडे, एक उजवीकडे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही पटकन हो म्हणालात, तर तुम्ही हावरट ठरता. चहा घेणार? नको. अहो, घ्या. छे, आत्ताच झाला. घ्या हो घोटभर. बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. पहिले दोन नकार रीतीचे, तिसरं उत्तर खरं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

फेस्टीने डेलियाला दोनदा विचारलं होतं. मला कसं ठाऊक? फळ्या जुन्या आहेत आणि माझी खुर्ची त्यांना टेकून असते. पहिल्यांदा विचारलं ते तिची आई गेली त्या हिवाळ्यात. "एकटीच्या घरात थंडी वाजत असेल तुला," तो म्हणाला, "इथे माझ्या वरच्या खोल्यांत शेगडी दिवसभर पेटती असते." ती म्हणाली, "नको रे बाबा, मी आहे तिथे बरी आहे." दुसऱ्यांदा विचारलं ते काही वर्षांनी. या वेळी त्याने चक्क लग्न हा शब्द उच्चारला. ती म्हणाली, "कशाला उगाच तुला त्रास?"

याला कोण नकार म्हणेल? सगळा गाव तिसऱ्या वेळेची वाट बघत बसला. वर्षं गेली. आमचा पोस्टमन मॉसी एकदा न राहवून बोललाच.

"फेस्टी, लेका, तिसऱ्यांदा काय आम्ही विचारायचं का?"

"तिसऱ्यांदा नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणाली तर नाही म्हणाली."

"मग ती शुक्रवारी कशाला येईल?" फेस्टी म्हणाला. "आत्ता येते तरी."

मॉसीने आपला ग्लास उचलला. मीही माझा उचलला.

अशात फेनेलन नावाचा माणूस डब्लिनहून आला. तेव्हा जगभर आयरिश पब उघडायचं वेड होतं, आणि हा गृहस्थ गावोगाव हिंडून जुने काउंटर, आरसे, बाकडी विकत घ्यायचा आणि बोटीने परदेशी धाडायचा. आमचा स्नग बघून तो लहान मुलासारखा हरखला. फळ्यांवरून हात फिरवला, टेपने मापं घेतली. जपानात ओसाकाला एक पब बांधत होते, तिथे ही खोली अखंड न्यायची होती. पैसे असे देत होता की पबचं गळकं छप्पर नवं झालं असतं.

"छे, काय ते जुनं लाकूड," फेस्टी मंगळवारी म्हणाला. "कीड लागलीय त्याला," असं बुधवारी म्हणाला. फेनेलन शहरातला असला तरी आपल्याच देशातला. दोन नकारांनी डगमगणारा नव्हता. शुक्रवारी तो पुन्हा हजर. डेलिया आत बसलेली, ग्लास नुकताच सरकवलेला, आणि पबमध्ये एरवी कधी नसते एवढी गर्दी. गर्दी कुणी जमवली ते विचारू नका.

"गॅननसाहेब, शेवटचं विचारतो. देणार का?"

फेस्टी ग्लास पुसत होता. ग्लास खाली ठेवून तो झडपेपाशी गेला. पण आज त्याने डोकं आत घातलं नाही. ताठ उभा राहिला आणि आम्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "डेलिया, हे गृहस्थ तुझी खोली मागताहेत."

"ऐकलं मी," आतून आवाज आला. "तिकडे पाऊस पडतो का?"

"भरपूर, बाई," फेनेलन म्हणाला.

"मग लाकडाला करमेल."

"विकू का?" फेस्टीने विचारलं.

"मला काय विचारतोस? पब तुझा आहे."

"बसतेस तू."

"मी घरी बसेन. आहेत मला खुर्च्या."

मॉसीने कपाळावर हात मारला. फेस्टीचे कान लालबुंद झाले.

"मी म्हणत होतो," तो म्हणाला, "मी म्हणत होतो, की तू इकडे बस. काउंटरच्या आत. वर राहा. शुक्रवारपुरतं नाही. कायमचं."

शेगडीतला एक निखारा खचला, आणि आतून आवाज आला.

"फेस्टी गॅनन, हे तिसऱ्यांदा ना?"

"हो."

"दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा माझे केस काळे होते."

"भीती वाटत होती मला."

"कसली रे, वेड्या?"

"तू खरं उत्तर देशील याची."

मग कडी सरकली. डेलिया बाहेर आली. डोक्यावर टोपी, दंडाला पर्स, हातात अर्धा ग्लास. आम्ही टोप्या काढून वाट दिली. फेस्टीने काउंटरची फळी उचलून धरली, ती वाकून आत गेली आणि वळून आमच्याकडे बघत राहिली.

"इकडून हे असं दिसतं होय?" ती म्हणाली. "तुला बरं सहन झालं इतकी वर्षं."

मग फेनेलनला म्हणाली, "खोली नाही मिळायची. नवरा-बायकोत भांडणं होतात. मग मी कुठे जाऊन बसू?"

एवढं ऐकून जो गलका झाला, त्यात सौदा हुकूनही फेनेलनच आनंदाने सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

ग्लास भरायला तिने स्वतःच घेतला. आमची काळी बिअर अर्धी भरून निवळू द्यायची असते, मग वरची भरायची. तिने एका दमात भरली. निम्मा नुसता फेस, आणि तो ग्लास माझ्यापुढे आला.

"कशी झालीय?"

"झकास," मी म्हणालो आणि फेस खाल्ला.

फेस्टी आमच्याकडे पाठ करून मघाचाच ग्लास पुन्हा पुसत होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, ते बघायला मी मान लांब केली, आरशात डोकावलं, पण मॉसीचं डोकं नेमकं मध्ये आलं.