अनोळख्यासाठी एक जागा

विठ्ठलवाडीच्या आमच्या विहारात वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. सरकारी भरतीची तयारी करणारे वीसेक जण तिथे बसतात, आणि रविवारी सकाळी तिथल्या कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. आठवडाभर मानपाड्याच्या एका कारखान्यात हेच काम करते, पण तिथे पगार मिळतो म्हणून गोड बोलते. इथे नाही.

ठाण्यातले एक निवृत्त शिक्षक दर रविवारी आमच्यासाठी गणिताच्या तासाचा नवा व्हिडिओ पाठवतात. आमचं इंटरनेट इतकं कमजोर, की वीस जणांनी एकदम ओढायला घेतलं तर कुणालाच धड काही मिळत नसे. म्हणून मी सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम बसवला. तो व्हिडिओचे बारीक तुकडे करतो. एक तुकडा माझ्याकडे आला, दुसरा तुमच्याकडे, की मग आपण आपसांत वाटून घ्यायचं. प्रत्येकाने सगळं बाहेरून आणायची गरज नाही. पहिल्या रविवारी तासाभरात सगळ्यांकडे अख्खा व्हिडिओ आला, तेव्हा मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले.

मग आयत्या बिळावरचे नागोबा निघाले. चार-पाच जणांनी गुपचूप देणं बंद करून ठेवलं. घ्यायचं सगळ्यांकडून, द्यायचं कुणालाच नाही. विचारलं तर, "ताई, लॅपटॉप हँग होतो ना." त्या प्रोग्रामची मुळातली रीत अशी, की जो देतो त्याला आधी द्यायचं. पण प्रत्येक लॅपटॉपने एक जागा कुणाही अनोळख्यासाठी मोकळी ठेवायची, आळीपाळीने, त्याने काय दिलं ते न बघता. हे फुकटे नेमके त्या एका जागेवर जगत होते. मी ती जागाच सगळीकडून काढून टाकली. ज्यांनी आधी दिलेलं होतं त्यांचं काही अडलं नाही, आणि दोन रविवारांत फुकटेही जवळचे जुने तुकडे द्यायला लागले, सुतासारखे सरळ झाले. मला माझंच फार कौतुक वाटलं.

त्याच सुमारास एक बाई यायला लागली होती. कल्याणच्या एका दवाखान्यात ती आया होती. दुपारच्या ड्युटीआधी तिला थोडा वेळ मिळायचा, तेवढ्यात बहिणीचा जुना लॅपटॉप मागून घेऊन यायची. गणितात ती दोनदा नापास झाली होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची परीक्षा होती. कोपऱ्यात बसायची, वेळ झाली की लॅपटॉप पिशवीत घालून निघून जायची. तीन रविवारांनंतर ती येईनाशी झाली.

पुढे एका रविवारी वंदनेनंतर विहाराच्या पायऱ्यांवर दिसली. मी माझ्या नेहमीच्या सुरात विचारलं, "परीक्षा आठ दिवसांवर आलीय आणि तू गायब?"

"ताई, माझ्यात काही येतच नाय. जुना आहे ना लॅपटॉप. उगाच बाकीच्यांना त्रास कशाला, म्हणून नाय आले."

मी तिला बहिणीचा लॅपटॉप आणायला लावला आणि उघडून बघितला. आमच्या कमजोर इंटरनेटवर तिच्या तेवढ्या वेळात बाहेरून काही पोचत नव्हतं, आणि तिन्ही रविवारी तिला खोलीतल्या कुणाकडूनही एक तुकडासुद्धा मिळाला नव्हता. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून तिला कुणी देत नव्हतं. कुणी देत नव्हतं, म्हणून तिच्याकडे काही येत नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ते मी माझ्या हाताने जाळलं होतं. मला फार लाज वाटली. तसं तिला सांगितलंही, की चूक माझी आहे, तुझ्या लॅपटॉपची नाही.

मी ती मोकळी जागा सगळ्यांच्या लॅपटॉपवर परत चालू केली. सरांचा नवा व्हिडिओ तेव्हाच यायला लागला होता. तिच्या पडद्यावर पहिला तुकडा आला, आणि पुढे जे झालं ते बघताना मी हातातलं काम विसरले. जो तुकडा सगळ्यांत कमी जणांकडे आहे तोच आधी उचलायचा, अशी त्या प्रोग्रामची आणखी एक रीत आहे. त्यामुळे तिच्याकडे आलेला तुकडा, ज्याने दिला तो सोडला तर, बाकी कुणाजवळच नव्हता. बघता बघता खोलीतले लॅपटॉप एकेक करून तिच्याकडून घ्यायला लागले. हे ज्याने कुणी लिहिलं त्याला मी कधी भेटणार नाही. पण रिकाम्या हाताने आलेल्याला आधी काहीतरी द्यावं, आणि तेही असं द्यावं की लगेच त्याच्याजवळही देण्यासारखं काही असेल, हे त्याला सुचलं कसं, याचं मला आजही नवल वाटतं.

"ही खाली कसली यादी?" तिने विचारलं.

"बाकीचे तुझ्याकडून घेतायत."

"माझ्याकडून?"

ती ती यादी वाचत राहिली. नवा तास आला, मागचे राहिलेले तासही एकामागून एक उतरले. तिच्या ड्युटीची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "तुझं सगळं झालंय, आता बंद कर आणि नीघ."

"अजून किती जणांचं व्हायचंय?"

"सहा जणांचं."

तिने लॅपटॉप बंद केला नाही. चार्जर भिंतीला लावला, बहिणीला फोन करून संध्याकाळी आणते म्हणून सांगितलं आणि रिकामी पिशवी खांद्याला अडकवून ड्युटीवर गेली.