चाळीस लाल ब्लाउज आणि बारावा नंबर

नेत्साई चिकोमोबद्दल कुणी विचारलं की मी आधी तिच्या शिलाई मशीनबद्दल सांगते. झिम्बाब्वेहून ती इथं आली तेव्हा तिच्या पाठीवर घोंगडीत बांधलेलं बाळ होतं. सीमेवरच्या शिपायाने विचारलं, "बाळ हालत कसं नाही?" ती म्हणाली, "रात्रभर रडलंय, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवलंत तर गप्प तुम्हीच करा." शिपाई मुकाट बाजूला झाला. ते बाळ म्हणजे तिच्या आईचं हातमशीन होतं. बिडाचं, चांगलं बारा किलोचं. ही गोष्ट ती अजून सांगते आणि सांगताना अजून हसते.

मी दिपुओ मोफोकेंग. वय बहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. जोहान्सबर्गच्या पूर्वेकडच्या या वस्तीत माझं घर आहे आणि मागच्या अंगणातल्या खोलीत नेत्साई राहते. इथं म्हाताऱ्या बाईला गोगो म्हणतात, तशी तीही मला गोगो म्हणते. भांडताना मात्र नुसतं दिपुओ म्हणते, आणि मग समजायचं की आज माझं काही खरं नाही.

ती आली त्याच्या पुढच्याच वर्षी वस्तीत आग लागली. लागली कसली, लावली. बाहेरच्यांना हाकला म्हणत माणसं रस्त्यावर उतरली आणि तिचं पत्र्याचं खोपटं जळून गेलं. मशीन पाठीला बांधून ती तीन आठवडे पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. मग एका सकाळी माझ्या फाटकात उभी. मी म्हटलं, "अगं बाई, आपल्या गावी का नाही गेलीस?" तर म्हणाली, "माझी कात्री इथं राहिलीय." आणि खरंच तिने राखेत उकरून कात्री काढली. मूठ जळाली होती. मुठीला चिंधी गुंडाळून आजही ती त्याच कात्रीने कापड कापते.

आमच्या चर्चमधल्या बायकांची प्रार्थना गुरुवारी असते. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी कॉलर, पांढरी टोपी. हा ब्लाउज असा दुकानात जाऊन घेता येत नाही. दोन वर्षं शिकावं लागतं, मग सगळ्यांसमोर तो अंगावर चढवतात, आणि मेल्यावर त्याच ब्लाउजात पुरतात. आम्ही चाळीस जणी, आणि चाळीसही ब्लाउज नेत्साईच्या हातचे. ती स्वतः आमच्या चर्चची नाही. तिची माणसं शनिवारी पांढरे झगे घालून झाडाखाली प्रार्थना करतात. आमची पुढारीण गोगो एव्हलिना, वय एक्याऐंशी, नाकाने कांदे सोलणारी. तिने एकदा कॉलर नीट नाही म्हणून ब्लाउज तीनदा परत पाठवला. चौथ्या वेळी नेत्साईने त्याला बोटही न लावता तसाच परत दिला. एव्हलिना म्हणाली, "आता कशी बरोबर बसली." हे मी एव्हलिनाला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या प्रत्येक ब्लाउजला आतून, डाव्या बाजूला, एक चोरखिसा असतो. सरकारी ओळखीचं कार्ड ठेवायला. ही आमच्या पिढीची खोड आहे. गोऱ्यांच्या राज्यात सोळाव्या वर्षी काळ्या माणसाच्या हातात पासबुक पडायचं, म्हणजे ओळखीचं आणि फिरायच्या परवान्याचं पुस्तक, आणि ते अंगावर नसलं की तुरुंग. माझी आई दारात कपडे वाळत घालत होती, पासबुक स्वयंपाकघरातल्या खुंटीवर, एप्रनच्या खिशात. तीन पावलांवर. शिपायांनी तिला आत जाऊन आणू दिलं नाही. अकरा दिवसांनी परत आली, आणि त्या अकरा दिवसांबद्दल मरेपर्यंत बोलली नाही. तो कायदा कधीच गेला. पण कुणी "दाखव" म्हटलं की माझा हात अजून आपोआप छातीशी जातो.

नेत्साईला प्रेशर आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचं तोंड अर्धा तास वाकडं झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, पुढच्या वेळी हात जाईल. शिंपिणीचा हात जाईल म्हणजे काय, ते मी सांगायला नको. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, दर महिन्याला, गुरुवारी.

यंदा त्या दवाखान्याच्या गेटवर झ्वेली येऊन बसला. झ्वेली आमच्याच वस्तीतला, चाळिशीचा, कारखाना बंद पडल्यापासून रिकामा. बरोबर पाच-सहा जण, सगळ्यांच्या अंगात लष्करी ठिपक्यांच्या पँटी. गेटात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायचे. कार्ड दाखवा, इथले असाल तर आत, नाहीतर आपल्या देशात जाऊन आजारी पडा. नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की कायद्याने रुग्णाला अडवता येत नाही. ते हसले. पोलीस आले, त्यांच्याबरोबर थंड प्यायले आणि गेले.

आणि आता मी माझं सांगते, कारण लपवून काय करू? पहिल्या गुरुवारी नेत्साई आणि मी बरोबरच गेलो होतो. झ्वेली म्हणाला, "गोगो, कार्ड." माझा हात छातीशी गेला, कार्ड निघालं, मी आत. मागे नेत्साईने पासपोर्ट काढला, त्यात परवान्याचा शिक्का होता. झ्वेली म्हणाला, "असलं पुस्तक इथं चालत नाही." मला ऐकू आलं. मी वळले नाही. माझ्या गोळ्या घेतल्या आणि बाहेर आले, तर ती कुंपणाशी उभी होती. माझी पिशवी तिने घेतली आणि घरापर्यंत वाहून आणली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी माझी गोळी मला गिळता येईना.

तिच्याकडे अकरा गोळ्या उरल्या होत्या. ती अर्धी-अर्धी करून घ्यायला लागली, आणि दर गुरुवारी पासपोर्ट घेऊन गेटवर जाऊन उभी राहायची. हाकलली की परत यायची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या दारात आली. "गोगो, सुईत दोरा ओवून दे." मी ओवून दिला. मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिने हे कधी मागितलं नव्हतं. उलट मीच तिच्याकडे सुई घेऊन जायचे. तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती.

मी चोरखिशातून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. "घे. माझ्या नावाने जा." तिने माझा फोटो नीट बघितला. "हा चेहरा यायला मला अजून तीस वर्षं लागतील." मला हसू आलं नाही. मग तीही हसायची थांबली. "आत माझ्या नावाची फाइल आहे. तुझ्या नावाने गेले तर तुझ्या गुडघ्यांच्या गोळ्या मिळतील. आणि मी चोर नाही, दिपुओ."

बुधवारी बायका तिच्या खोलीत नवे ब्लाउज अंगाला लावून बघायला जमल्या. मी सगळं सांगून टाकलं, माझ्या कार्डासकट. कुणी माझ्याकडे बघेना, कारण प्रत्येकीनेच कार्ड दाखवलं होतं. एव्हलिना म्हणाली, "माझा जादा ब्लाउज हिच्या अंगात घाला, डोक्यावर टोपी ठेवा आणि आपल्यामध्ये उभी करा. कोण ओळखतंय?" आम्ही गारच पडलो. कॉलर अर्धं बोट वाकडी झाली तरी देवाला तोंड कसं दाखवू म्हणणारी ही बाई.

नेत्साईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने एकेक काढून शिवणकामाच्या छोट्या गादीत खोचली. "गोगो, हा ब्लाउज मिळवायला तुम्हाला दोन वर्षं लागली. तो मी लपायला घालू? मी माझ्या निळ्या झग्यातच जाणार. कोण आत चाललंय ते त्यांना दिसू दे."

एव्हलिना आमच्याकडे वळून म्हणाली, "उद्या कुणीही कार्ड आणायचं नाही. घरी ठेवून यायचं. कळलं?"

सांगायला काय जातं. कार्ड घरी ठेवायला मला अर्धा तास लागला. पिठाच्या डब्याखाली ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. दारातून दोनदा परत फिरले.

आमच्याकडे रांगेचा एकच नियम. आल्यावर विचारायचं, शेवटचं कोण? उत्तर मिळालं की तुमचा नंबर तुमचा, मग खुशाल सावलीत जाऊन बसा. मध्ये कुणी घुसत नाही, कुणी घुसवत नाही. गुरुवारी नेत्साई बारावी होती, एव्हलिना तेरावी, मी चौदावी. पुढे अकरा लाल ब्लाउज आणि मागे सगळे लाल ब्लाउज, आणि मध्ये एक निळा झगा, गळ्यात मापाची टेप.

"कार्डं काढा, गोगो लोक," झ्वेली म्हणाला.

"नाही आणलं," पहिली म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली. झ्वेली रांगेच्या कडेने चालत माझ्यापर्यंत आला. "तुम्ही तरी शहाण्या आहात, गोगो दिपुओ. दाखवा." माझा हात छातीशी गेला. खिसा रिकामा होता. मेल्या, तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईची बाळंतपणाची कापडं मी धुतलीयत, मनात म्हटलं, आणि तोंडाने म्हणाले, "घरी आहे. तिथंच राहणार आहे."

चाळीस म्हाताऱ्या बायकांना उन्हात किती वेळ उभं ठेवणार? रस्त्यावर लोक जमायला लागले होते. झ्वेलीने आपल्या माणसांशी कुजबूज केली आणि मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "लाल ब्लाउजवाल्या कार्डाशिवाय चालतील. जा." एकेक करत अकरा जणी आत गेल्या. मग नेत्साई पुढे झाली, आणि त्याने हात आडवा धरला.

"ही नाही. पुढची कोण?"

"पुढचा नंबर बारा," एव्हलिना म्हणाली.

"बारा नाही. तेरा या."

"बारा गेल्याशिवाय तेरा कशी जाईल? शाळेत गेला होतास ना?"

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. नेत्साई झ्वेलीला वरून खालपर्यंत न्याहाळत होती, गिऱ्हाइकाला न्याहाळते तशी. "पँट चांगली बसलीय," ती म्हणाली. "थंडीत घेऊन आला होतास तेव्हा टाचेखाली लोळत होती. चार बोटं आखूड केली आणि कंबरेत दोन टाके घातले. तेव्हा मला कार्ड नव्हतं विचारलंस."

आता सगळा रस्ता हसला. त्याच्याबरोबरचा एक जण स्वतःच्या पँटच्या शिवणीकडे बघायला लागला. पण झ्वेली चिडला, आणि चिडलेला माणूस हट्टाला पेटतो. खुर्ची बरोबर गेटाच्या मधोमध ओढून तो बसला. "बसा मग दिवसभर."

आम्ही बसलो. जमिनीवर, पाय पसरून. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. खरं सांगते, मला वाटलं, जावं आत. कोण काय म्हणणार आहे, गुडघे दुखतायत म्हणायचं. नेत्साई माझ्याशेजारी बसून डाव्या हाताने उजवी बोटं चोळत होती. मी ते चोळणं बघत राहिले आणि बसूनच राहिले.

साडेअकराला एव्हलिनाचे हात थरथरायला लागले. तिला साखरेचा आजार, आणि रक्त तपासायला द्यायचं म्हणून आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नाही. मी माग्विन्याचा, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या पावाचा, तुकडा तोडून पुढे केला. तिने मान हलवली. "उपाशीपोटी रक्त द्यायचंय. नंबर आला की खाईन." चेहरा राखेसारखा झाला होता.

झ्वेली उठून जवळ आला. "गोगो, ऐका हो. तुम्ही तरी आत जा."

"बारा गेली की तेरा."

"इथं पडलात म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या खुर्चीपाशी पडले ते सगळ्यांनी बघितलेलं असेल," एव्हलिना म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण रस्ता इतका शांत होता की पलीकडच्या फुटपाथपर्यंत गेला. "आणि झ्वेली, मला ज्या ब्लाउजात पुरतील, तोही हिनेच शिवलाय."

त्याने मागे बघितलं. त्याची माणसं दुसरीकडे बघत होती. मग त्याने खुर्ची उचलली आणि बाजूला नेऊन ठेवली. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही, आली नव्हती.

नेत्साई उठली, पण पळाली नाही. त्याच्यासमोर जाऊन थांबली. "नेत्साई चिकोमो. झिम्बाब्वेतल्या गुतूची. इथं, गोगो दिपुओच्या अंगणात राहते. पुढच्या महिन्यात गुरुवारी पुन्हा येईन." आणि एव्हलिनाच्या काखेत हात घालून तिला धरून आत गेली. बारा पुढे, तेरा तिच्या मागे, अर्धं पाऊल. तेवढंसुद्धा एव्हलिनाने चुकू दिलं नाही.

तिचं प्रेशर इतकं चढलं होतं की नर्सबाईंनी तिच्यावर ओरडून घेतलं, मग गोळ्या दिल्या, मग स्वतःचे डोळे पुसले. बोटांत जीव यायला तीन आठवडे लागले. एका दुपारी ती माझ्या दारात आली, सुईत दोरा ओवलेला, आणि सुई माझ्या नाकासमोर धरून उभी राहिली.

सगळं आलबेल झालं असं समजू नका. झ्वेली गेला, पण दुसरे येतात. सोमवारी लहान मुलांना लस टोचतात, त्या दिवशी मोझांबिकच्या, मलावीच्या आयांना हाकलतात. म्हणून आता आम्ही सोमवारीही जातो. आमच्यातल्या एकीलाही टोचून घ्यायचं नसतं, तरी रांगेत बसतो, आमचे नंबर पकडतो, आणि पुढची आई आत गेल्याशिवाय हलत नाही.

मी नेत्साईला म्हटलं, "तो चोरखिसा उसवून टाक बाई. कार्ड पिठाच्या डब्याखालीच राहणार आहे." ती म्हणाली, "चांगला शिवलाय, उसवू कशाला? दुसरं काहीतरी ठेव."

मी त्यात तपकिरीची डबी ठेवते. गेटवरचा कुणी पोरगा "गोगो, दाखवा" म्हणाला की हात आपोआप छातीशी जातो, गेली छप्पन्न वर्षं जातोय. मी डबी काढते, उघडते, आणि त्याच्यापुढे धरते. "घे, चिमूटभर," म्हणते. "आणि सांग, शेवटचं कोण आहे?"