केशोरीच्या मंडईतला भुताचा पिक्चर

बकारामभाऊंची उंची तीन फूट पाच इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण केशोरीत त्यांच्याबद्दल कुणालाही विचारलं तरी लोक पहिली हीच गोष्ट सांगतात आणि बहुतेकदा तिथंच थांबतात.

सोळाव्या वर्षी ते गोंदियाला आलेल्या सर्कसबरोबर निघून गेले. चोवीस वर्षं जोकर होते. सर्कस बंद पडल्यावर परत आले ते तंबू शिवायचं दाभण घेऊन. आता धान झाकायच्या ताडपत्र्या शिवतात आणि त्यांच्या शिवणीतून पाण्याचा थेंब उतरत नाही. पण परतल्यापासून वीस वर्षांत ते चार लोकांसमोर कधी उभे राहिले नव्हते. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, दंडार म्हणजे ढोलावरचं नाच-सोंगांचं लोकनाट्य होतं, लेकी माहेरी येतात. त्या दिवशी ते दार लावून शिवत बसायचे.

केशोरी माझं माहेर, म्हणून माझी मुलगी गुंजन त्यांना मामा म्हणते. गुंजन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची उंची तीन फूट आठ इंच. सातवीत स्नेहसंमेलनात ती भाषणाला उभी राहिली आणि सगळं सभागृह हसलं. त्यानंतर ती स्टेजवर गेली नाही. खरं सांगायचं तर मीच जाऊ दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला मोबाइलवर एक सिनेमा सापडला. नव्वद वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा, इंग्रजी, सर्कशीतल्या लोकांचा. भयपट म्हणून गाजलेला. मी थोडा पाहिला आणि म्हटलं, बंद कर. त्यात बुटकी माणसं होती, हात नसलेली बाई होती, हातपाय दोन्ही नसलेला माणूस होता. ती ऐकेना. केशोरीला गेल्यावर तिनं मोबाइल बकारामभाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी दाभण खाली ठेवलं आणि सिनेमा सलग दोनदा पाहिला. मग मला म्हणाले, "मंजू, हे सोंग नाही वं. हे खरे सर्कशीचे लोक आहेत. हा बिनहातापायाचा माणूस पाहा, तोंडानं काडी ओढते, सिगरेट पेटवते. डायरेक्टरनं घाई नाही केली. पुरी पेटेपर्यंत थांबला. आमच्याकडे असं थांबून कोणी पाहिलं नाही कधी."

"पण भाऊ, हा भयपट आहे ना?"

"आहे ना. भेव त्या उंच, सुंदर बाईचं आहे. बुटक्याचा पैसा पाहून लग्न करते अन् मंग त्याले जहर देते."

शेवटाबद्दल मात्र मामा-भाचीचं पटलं नाही. शेवटी पावसात, चिखलातून हे सगळे सरपटत त्या बाईच्या मागे लागतात. गुंजन म्हणाली, "इथं डायरेक्टरनं यांनाच भूत करून टाकलं, मामा." भाऊ हसले. "एक दिवस त लोकायनं आपल्याले भ्यावं ना, पोरी!"

तिथून तिच्या डोक्यात आलं: मंडईच्या दुपारी, दंडारीच्या आधी, शाळेच्या हॉलमध्ये हा सिनेमा दाखवायचा. आवाज बंद ठेवायचा आणि मामांनी बाजूला उभं राहून गोष्ट सांगायची. भाऊ तीन महिने नाही म्हणाले. मग एक अट घातली. "तू पडद्यामागं मशीन घेऊन बसशील त मी नाही येत. बाजूले उभी राहशील त येतो." ती हो म्हणाली. माझी झोप उडाली. एकाला हसले असते तर एक वेळ सोसलं असतं. इथं दोघं होते, आणि एकमेकांच्या डोळ्यांदेखत.

त्यात मंडई समितीच्या मुन्नानं गोंधळ घातला. त्याला कुणीतरी भयपट एवढंच सांगितलं होतं. त्यानं चौकात फलक लावला: "भुताचा इंग्रजी पिक्चर. कमजोर दिलवालों ने न यावे." लोक तयारीनिशी आले. लेकरांच्या गळ्यात काळे दोरे, कुणाच्या खिशात लिंबू. धुरपताबाई तर पदराच्या गाठीत मीठ-मोहरी-मिरच्या बांधून नातवाला घेऊन पुढेच बसल्या. याच धुरपताबाई पूर्वी बकारामभाऊ रस्त्यानं निघाले की पोटुशा सुनांना आत ओढायच्या. सावली नको पडायला म्हणून.

खिडक्यांवर भाऊंनीच शिवलेल्या ताडपत्र्या, आत मिट्ट अंधार. पडदाही त्यांनीच शिवलेला. दोघं पडद्याशेजारी उभे राहिले. मामांसाठी माइक गुंजननं धरला होता. मी शेवटच्या रांगेत बसले.

सुरुवात बरी झाली. पडद्यावर दोरीला वाळत घातलेले कपडे दिसले तेव्हा भाऊ म्हणाले, "भूत येईल, दम धरा. आधी त्याचे कपडे वाळू द्या." लोक हसले.

मग लग्नाच्या जेवणाचा प्रसंग आला. सर्कशीतले सगळे त्या नवरीला आपल्यातली म्हणून पेला देतात, ती तो त्यांच्याच अंगावर फेकते आणि तोंडाला येईल ते बोलते. नेमकी तिथं वीज गेली. पडदा गेला, माइक गेला. अंधारात मागून शिट्टी आली. "ए जोकर! कुलाटी मार ना!" दहा-बारा जण खिदळले. मी गुंजनला घेऊन बाहेर पडायला उठलेच.

भाऊ एकदा म्हणाले होते, झुल्यावरून कुणी पडलं की जोकरनं रिंगणात धावायचं. लोकांची नजर पडलेल्या माणसावर जाऊ द्यायची नाही. ते तसेच धावले. एका खिडकीची ताडपत्री ओढून काढली, उजेडाचा पट्टा जमिनीवर पडला आणि त्यात उभं राहून, माइकशिवाय, तंबूभर पुरणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "मारतो ना कुलाटी! पण बापा, जोकरले पाहाले तू फुकट आला, अन् तुले पाहाले मी चोवीस वर्षं पगार घेतला. सांग, येडा कोण?"

हॉल कोसळल्यासारखा हसला, पण शिट्टीवाल्याला.

"भाची, चढ बाकावर. आता तू ती उंच बाई."

गुंजननं माझ्या दिशेनं पाहिलं. मी काय खूण केली असती देव जाणे. तिनं वाट पाहिली नाही. बाकावर चढली, कमरेवर हात ठेवला आणि नाक वर करून गरजली, "हट् रे! मी तुमच्यातली? मले खाली पाहून पाहून मान दुखून राहिली!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तीन फूट आठ इंचांची माझी मुलगी त्या क्षणी हॉलमध्ये सगळ्यांत उंच होती.

मग भाऊ जमिनीवर आडवे झाले. पाऊस पडतोय, चिखल आहे, एवढंच सांगितलं आणि दोन रांगांमधून ते पोटावर सरपटत निघाले, खिशातलं दाभण दातांत धरून. कुणी हसलं नाही. लोकांनी पाय वर घेतले. मुन्ना खुर्चीवर चढला. भाऊ बाकाजवळ पोचले तेव्हा गुंजननं अशी किंकाळी फोडली की बाहेरचा भजीवाला झारा घेऊन आत आला.

टाळ्या चालू असतानाच वीज आली. उरलेला सिनेमाही लोकांनी पाहिला आणि संपल्यावर दंडारीचा ढोल वाजला तरी लवकर कुणी उठेना.

धुरपताबाई उठल्या. "मुन्न्या, भूत त आलंच नाही रे."

मुन्ना गडबडला. त्याच पुढं म्हणाल्या, "आलं. ती गोरी बाईच भूत होती." आणि पदराची गाठ सोडून बकारामभाऊंकडे निघाल्या. मला वाटलं, आता हे मीठ त्यांच्यावर फेकणार.

"बकाराम, उभा राहा नीट. पोरी, तूही ये. एवढ्या लोकायची नजर पडली तुमच्यावर." त्यांनी दोघांवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि भजीवाल्याच्या भट्टीत टाकल्या. ठसका आलाच नाही. "पाहा! किती जबर लागली होती!" भजीवाला म्हणाला, "मावशी, माझ्या भज्यायले लागली ना आता!"

त्या संध्याकाळी बकारामभाऊ वीस वर्षांत पहिल्यांदा मंडईतून फिरले, मधोमध, गुंजनबरोबर. गर्दी दाट होती. मी मागून ओरडले, "सांभाळून गं!"

दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.