बिदरीचा काळा रंग

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत सगळ्या दोहा शहराला चकाकायचं वेड लागलं होतं आणि आमची कंपनी हॉटेलांच्या लॉब्या सजवत होती. सजवत म्हणजे, डोळे दिपतील ते आणून मांडत होती. मी तिथे साइट इंजिनिअर. सजावटीच्या सल्लागार बाई लंडनहून आणलेल्या. जुनी सुरई आणि नवा थर्मास यांतला फरक त्यांना लेबल वाचूनच कळायचा.

एका लॉबीसाठी हॉटेलमालकाने मुघल काळातल्या दोन बिदरी सुरया आणल्या. काळ्याभोर धातूत चांदीच्या तारेची वेल ठोकून बसवलेली. बाई नाक मुरडून म्हणाल्या, "सो डर्टी!" आणि मी, दीडशहाणा नाशिककर, लगेच पुढे सरसावलो. अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवाळीआधी समया चिंच-मिठाने मीच घासायचो. काळं दिसलं की घासायचं, एवढीच माझी कलेची जाण.

पॉलिशच्या कामावर उदगीरकडचे एक मामा होते, तरुणपणी बिदरला कारागिरांच्या हाताखाली राबलेले. ते म्हणाले, "सायेब, ह्यो मळ न्हाई. बिदरच्या किल्ल्यातली माती लावून मुद्दाम काळं केलंय. त्ये गेलं तर चांदी दिसनार कशावर?"

"मातीने कधी भांडं काळं होतं का, मामा? यल्ला, चला, बघा आता," म्हणत मी बाह्या सरसावल्या.

तासाभरात सुरई राखाडी झाली. वेल शोधूनही सापडेना. कित्येक पिढ्यांनी जपलेलं काम मी मूठभर चिंचेत संपवलं होतं. मामांनी सुरई हातात घेतली, अंगठ्याने वेल चाचपली आणि डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाई आल्या. "गॉर्जस! दुसरीही अशीच करा," म्हणत त्यांनी ती मामांपुढे ठेवली. मामांनी हात मागे घेतले.

"म्या न्हाई करनार."

मामा का नको म्हणताहेत, ते मी बाईंना इंग्रजीत नीट समजावून सांगू शकलो असतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रमोशनच्या यादीत माझं नाव होतं. मी म्हणालो, "ही इज टायर्ड, मॅडम."

बाईंनी मामांना त्याच दिवशी कामावरून काढलं. दुसरी सुरई मी स्वतः घासली, सगळं ठाऊक असताना, आणि पहिलीपेक्षा जास्त मन लावून.