अंगातलं पोटॅश

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी माझे पाय उचलेनात. चिमटा घेतला तर कळत होतं, पण खाटेवरनं उतरायचं म्हटलं की मांड्या ऐकत नव्हत्या. घरात सगळ्यांनी लकवा ठरवून टाकला. भावकीतला एकजण झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं न्यायला आला. पोरानं त्याला वाटेला लावलं आणि मला साताऱ्याला दवाखान्यात नेलं. दोघांनी उचलून गाडीत घातलं, ते माझ्या मनाला लय लागलं.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. रक्त तपासून म्हणाल्या, पोटॅशियम फार उतरलंय. मी विचारलं, उसाला घालतो ते पोटॅश? त्या म्हणाल्या, तेच समजा. मग नीट सांगितलं. नस मांसाला निरोप देते, हल म्हणून. मांसाच्या आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमचा मेळ असला तरच तो निरोप लागू होतो. बाहेरचं फार कमी झालं की नस सांगत राहते, मांस हलत नाही. मी चौथी शिकलेला, पण हे पटलं. पोटॅश कमी पडलेला ऊस लोळलेला मी बघितलाय.

म्हटलं, मग सलाईन जोरात सोडा की.

"बाबा, एकदम सोडलं तर हृदय बंद पडेल. तेही मांसच आहे."

ठिबकनं खत सोडणाऱ्याला एवढं कळतं.

मग त्यांनी विचारलं, सुजेची गोळी किती घेता? त्या गोळीनं लघवी जास्त होते आणि तिच्यातनं पोटॅशियम वाहून जातं. सून शेजारीच उभी. ती म्हणाली, रोज एकच, मी स्वतः देते.

इथं माझं अडलं. एका गोळीनं सूज उतरत नाही यावरनं आमचं वाजलेलं होतं, आणि मी तिच्या माघारी रोज दोन जास्तीच्या घेत होतो. बाई म्हणाल्या, कारण सापडलं नाही तर हे परत होईल. परत उचलून न्यायचं, हे काही मला चालणार नव्हतं. भिंतीकडं बघत म्हणालो, "तीन घेत होतो."

सून म्हणाली, "आवं मामा, पाकीट लवकर संपतंय म्हणून त्या मेडिकलवाल्याला मी चोर म्हणून आले की."

तिसऱ्या दिवशी पाय चालू झाले. घरी आल्यावर मेडिकलपर्यंत चालत गेलो, कुणाला हात धरू दिला नाही. त्याला सांगितलं, पाकिटात गोळ्या पुऱ्या होत्या, चूक माझी.