रिकाम्या हाताने साल्सा

कामावरून आलो की मी आधी दिवाण भिंतीला सरकवतो. नंदुरबारातलं आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं. दिवाण सरकला की पुढच्या खोलीत एका माणसापुरती जागा होते. मग मोबाईल खिडकीत उभा करून व्हिडिओ लावायचा आणि मोजायला लागायचं. डावा पाय पुढे, उजवा जागेवर, डावा परत, थांबा. उजवा मागे, डावा जागेवर, उजवा परत, थांबा. दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळून, मुलांनी फोडलेलं आवरून आलेलं माझं अंग त्या ‘थांबा’वर खरोखरच थांबतं. पुढच्या पावलासाठी त्याची मनधरणी करावी लागते.

साल्सा हा नाच दोघांचा आहे, पण दुसरं माणूस डोंगरात असतं. माझी बायको नर्स आहे. अक्कलकुव्याच्या पलीकडे, नर्मदेच्या अंगाला तिची नेमणूक. लसीकरणाला मणिबेलीकडे जायचं तर बोट. पंधरा दिवसांनी एखाद्या शनिवारी ती घरी येते, धुवायचे कपडे घेऊन आणि धुतलेले घेऊन जायला.

साल्साचं खूळ तिचंच. ती इथे शहरात होती तेव्हा आम्ही सुरतेला तिच्या मावसबहिणीकडे गेलो होतो. खालच्या हॉलमध्ये रविवारचा क्लास चालायचा. ती बघायला म्हणून गेली आणि दोघांची नावं घालून आली. मग दर रविवारी आम्ही रेल्वेने सुरतेला. मी चाळिशीचा, रनाळ्यासारख्या खेड्यातला माणूस. आमच्याकडे नाच म्हणजे वरातीत बँडपुढे रुमाल उडवायचा. तिथे कुणी कुणाचा हात धरत नाही आणि चुकलेलं कुणाला कळत नाही. इथे चारचौघांत बायकोचा हात धरायचा आणि वर पुरुषाने लीड करायचं. घरात मी कधी कुणाला लीड केल्याचं मला तरी आठवत नाही. शिकवणारा मुलगा हिंदीत बजावायचा की हाताने ओढू नका, वळायच्या आधी तिला कळलं पाहिजे. तिला सगळं कळायचं. मी सांगायच्या आधी कळायचं, हीच पंचाईत होती.

मग तिच्या बदलीचा हुकूम आला. शेवटच्या रविवारी सुरतेहून परतताना नवापूरच्या आसपास ती म्हणाली, “तुम्ही शिकी ठेवा. परत बदली व्हयनी की दोन्हीजन करूत.”

आमच्या घरात ‘बदली झाली की’ या सदराखाली बरंच काही पडून आहे. मोठं घर, गिझर, तिचा गुडघा डॉक्टरला दाखवणं. साल्साही त्यात जाऊन पडेल अशी मला भीती वाटली. फोनवर आता आमचं बोलणं म्हणजे भाजी कुठली केली, रेंज का गेली, सिलिंडर आला का. या नाचाखेरीज आम्हा दोघांचं असं नवीन काही उरलेलं नव्हतं. म्हणून मी शिकून ठेवायला लागलो, लोक गहू भरून ठेवतात तसं.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. एका माणसाने साल्सा मात्र होतो, आणि फार गुळगुळीत होतो. डावा हात उचलायचा, त्याच्याखालून कुणीतरी वळलं असं धरायचं, उजवा हात कुणाच्या तरी पाठीवर असल्यासारखा ठेवायचा. ते कुणीतरी कधी चुकत नाही. मी विसरलो तर वाट बघतं. थंडीत मी गच्चीवर जायचो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्यापुरती खरी होती, कारण पाण्याच्या उतारामुळे ती गच्ची खरंच वाकडी आहे. शिवाय वाळत घातलेल्या मिरच्यांचा नाकाला झोंबणारा खाट वाऱ्यावर यायचा आणि ऐन गिरकीत शिंक यायची. हा व्यायाम समजून शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, शुगर निघाली का? मी हो म्हटलं. समजावून सांगण्याचं त्राण नव्हतं. ते रनाळ्यापर्यंत पोचलं आणि आईचा फोन आला की साखर बंद कर, आणि हात वर करून गोल गोल फिरतोस म्हणतात ते काय, अंगात येतं का?

तरी मी सोडलं नाही. कंटाळा आला, पाय दुखले, कितीदा तर दिवाण सरकवून त्यावरच आडवा झालो. पण उन्हाळ्यापर्यंत गिरकी बसली, जोडीदारणीला समोरून पलीकडे न्यायचं तेही बसलं. व्हिडिओ न लावता जमू लागलं. मला खरंच आनंद झाला. ती आली की तिला दाखवायचं, असं मी ठरवलं.

ती शनिवारी आली आणि जेवून झोपली. रविवारी दुपारी कपडे वाळत घालून झाल्यावर मी दिवाण सरकवला आणि हात पुढे केला. ती ओल्या हातानेच उभी राहिली. सुरुवातीची पावलं बरी पडली. तिला अजून येत होतं. मग मी रुबाबात डावा हात उचलला, रोज उचलतो तसा. तिचा हात माझ्या हातातून जवळजवळ निसटला. ती टाचा वर करून, हात ताणून कशीबशी खालून वळली, भिंतीला टेकली आणि हसायला लागली.

“तुम्हनी ती बाई मन्हापेक्षा उंच शे,” ती म्हणाली.

मलाही हसू आलं. हवेत मी जिच्याशी इतके महिने नाचत होतो ती बेतली गेली होती माझ्याच उंचीची. बायको माझ्या खांद्याला लागते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हाताला माहीत राहिलं नव्हतं.

तिचं हसू ओसरलं. ती म्हणाली, “आनि ती थकत बी नही.”

मी म्हटलं, हात खाली आणतो, पुन्हा करू. ती पुन्हा येऊन उभी राहिली, पण पाऊल टाकेना. तिचा गुडघा सुजलेला होता. बदलीचा अर्ज यंदाही मागे आला होता. आठवड्यापूर्वीच तिला कळलं होतं, पण मी फोनवर गिरकीबद्दल बोलत होतो म्हणून तिने सांगितलं नव्हतं. हे सगळं तिने माझ्या शर्टाशी बोलावं तसं, मान खाली घालून सांगितलं. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून जास्त आला.

“आते शिकाडू नका,” ती म्हणाली. “नुसतं धरी ठेवा.”

मी धरून उभा राहिलो. सवयीने माझा डावा पाय पुढे निघाला आणि तिच्या पायावर पडला. तो मागे घेतला. तिने सगळा भार माझ्यावर टाकला, आणि तिचं वजन किती आहे हे मी पार विसरून गेलो होतो.